एकट्यानं सगळी वाद्यं वाजवलेला अल्बम 'बॅकग्राउंड' का वाटतो?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे परभणीचे आहेत. गिटार, बेस, कीबोर्ड आणि तबला स्वतः वाजवतात, ड्रमचं काम ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅडवर) भागवतात. घरातल्या खोलीत लॅपटॉपवर आठ रचना रेकॉर्ड केल्यात. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. पोस्ट-रॉक (रॉकच्या वाद्यांतून पोत आणि रंग काढणारं संगीत) आणि जॅझ फ्यूजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) यांच्या मधलं, स्वप्नाळू वळणाचं संगीत आहे. मित्रांना ऐकवलं की उत्तर येतं, "भारी वाजायलंय, पण गाणं कधी सुरू होणार?" म्हणून त्यांचे तीन प्रश्न आहेत: कुणाला तरी गायला घ्यावं का, पुण्या-मुंबईला जाऊन मिक्सिंग करून घ्यावं का, की नवा माइक आणि साउंड कार्ड घ्यावं?

तिन्हींना माझं उत्तर सध्या 'नको' असं आहे. मी लातुरात रेकॉर्डिंगचं काम करतो. भजनी मंडळं, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणुकीत जीपवर वाजणाऱ्या घोषणा हे पोटापाण्याचं, आणि रात्री उशिरा स्वतःचं वाद्यसंगीत. तुम्ही ऐकवलेल्या रचना आधी हेडफोनवर आणि मग स्पीकरवर नीट ऐकल्या. सूर पक्के आहेत, लय हलत नाही, आवाज स्वच्छ आहे. अडचण अशी की चार-पाच वाद्यं एकाच वेळी वाजतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. बेस आपल्या जागी बरोबर, गिटार आपल्या जागी बरोबर, पण दोघांची गाठच पडत नाही. ऐकणाऱ्याला हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून तो गाणं कधी सुरू होणार असं विचारतो. तुम्ही शब्द घातलेत तर तो विचारायचा थांबेल, इतकंच. गाण्याच्या मागे दुखणं तेच राहील.

हे होतं ते रेकॉर्डिंगच्या क्रमामुळे. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक रचना कीबोर्डच्या लांब स्वरांपासून सुरू करता, त्यावर क्लिक (लयीची टिकटिक) लावून ड्रम, मग बेस, आणि सगळ्यात शेवटी गिटारची धून. आता बघा, बेस वाजवत होतात तेव्हा गिटार जन्मलीच नव्हती. ड्रम वाजवले तेव्हा तर बेसही नव्हता. गिटार सगळ्यांचं ऐकते, कारण ती शेवटी आली. तिचं मात्र कुणीच ऐकत नाही. बैठकीत असं कधी होत नाही. गवई एखादा स्वर धरून थांबला की तबलजी बोल सोपे करतो, पेटीवाला श्वास घेतो, तान सुटली की दोघं मागे धावतात. ऐकणारा ज्याला 'रंगलं' म्हणतो ते बरंचसं या ये-जामधून येतं.

हे मला सगळ्यात स्वच्छ दाखवलं एका संबळवाल्यानं. तुळजापूरकडचे गोंधळी, रात्रभर उभं राहून वाजवणारे. माझ्या एका रचनेत संबळ हवा होता म्हणून त्यांना बोलावलं. हेडफोन लावून दिला, गिटारचा तयार ट्रॅक सुरू केला. त्यांनी ठेका बिनचूक वाजवला, पण जीव नव्हता. थांबले आणि म्हणाले, "म्हणणारा कुठंय? मी बघू कुणाकडं?" मी गिटार काढली, ट्रॅक बंद केला, त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलो आणि तीच धून प्रत्यक्ष वाजवली. माझी मान जरा खाली गेली की ते वाकड्या काडीचा घाव मागे घ्यायचे, मी ओढून धरलं की दुसऱ्या काडीनं बारीक भरणा करायचे. ठेका तोच, लय तीच, आणि टेक पूर्ण वेगळा. गिटारचा आवाज त्यांच्या माइकमध्ये घुसला होता, तरी तोच टेक ठेवला.

एकट्यानं वाजवताना समोर बघायला कुणी नसतं. मग करायचं काय? त्याचा मला सापडलेला उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: सगळे थर एकदा वाजवून झाले की पहिले थर पुसायचे आणि शेवटचा थर ऐकत ते पुन्हा वाजवायचे. मी त्याला दुसरी फेरी म्हणतो. पहिल्या फेरीतले ड्रम, बेस आणि कीबोर्ड म्हणजे फक्त मांडव. त्यावर धून आणि सोलो वाजवून घ्यायचा, तो मनासारखा झाला की बाकी सगळं बंद करून फक्त तो सोलो आणि अगदी बारीक क्लिक ठेवायचा, आणि आता बेसवाला होऊन बसायचं. यावेळी बेसवाल्याला माहीत आहे की तिसऱ्या आवर्तनात गिटार थांबणार आहे. तो त्या थांबण्यावर काहीतरी करू शकतो, किंवा मुद्दाम काहीच न करता तोही थांबू शकतो.

ही सोय आपल्या पिढीला आहे, आधीच्या पुष्कळांना नव्हती. जॅझवादक सिडनी बेशेनं १९४१ साली क्लॅरिनेट, सोप्रानो आणि टेनर सॅक्सोफोन, पियानो, बेस आणि ड्रम अशी सहा वाद्यं एकट्यानं वाजवून रेकॉर्ड केलं. तेव्हा अमेरिकेतल्या स्टुडिओंत टेप नव्हती. एक तबकडी वाजवायची, तिच्यावर दुसरं वाद्य वाजवत नवी तबकडी कापायची, आणि असंच पुढे. मागच्या थरात बदल करायचा तर सगळं मुळापासून. पियानोवादक कीथ जॅरेटनं १९८५ मध्ये घरीच दोन कॅसेट रेकॉर्डरवर आलटून पालटून आवाज चढवत बासऱ्या, सॅक्सोफोन, तबला असं बरंच काही स्वतः वाजवलं. तो 'स्पिरिट्स' नावानं १९८६ मध्ये आला. तिथंही खालचा थर एकदा बसला की बसला. तुमच्या लॅपटॉपवर प्रत्येक थर वेगळा पडलेला आहे, हवा तेव्हा काढता येतो, आणि तरी आपण पहिल्या दिवशी वाजवलेला बेस शेवटपर्यंत सांभाळून ठेवतो. चांगला वाजलाय, कशाला काढा, असं वाटतं. काढा. मूळ फाइल बाजूला ठेवून द्या, पण काढा.

आता हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते तुमच्याच दुसऱ्या रचनेवर सांगतो. लय ७५ची आहे, म्हणजे मिनिटाला ७५ मात्रा, आणि रचना डी मायनरच्या अंगानं जाते. म्हणजे डी हा 'सा' धरला तर कोमल ग, कोमल ध, कोमल नी. गिटार तिसऱ्या आवर्तनात 'रे' वर येते आणि जवळजवळ तीन आवर्तनं तो 'रे' धरून ठेवते, व्हॉल्यूम पेडलनं आवाज फुगवत. फार सुंदर जागा आहे. पण खाली बेस काय करतोय? प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर 'सा', 'सा', 'सा'. बेस वाजवताना वरती 'रे' येणार हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या फेरीत असं करून बघा: पहिलं आवर्तन 'सा' वरच ठेवा. दुसऱ्याला पहिली मात्रा रिकामी सोडा, 'रे' एकटाच लटकू द्या, आणि दुसऱ्या मात्रेनंतर खालच्या कोमल 'ग' वर या. तिसऱ्याला कोमल 'ध' वर उतरा. गिटारचा स्वर एक श्रुतीनंही हललेला नाही, पण त्याचे तीन अर्थ झाले. डी वर तो नववा स्वर होता, जरा अधांतरी. एफ वर, म्हणजे कोमल 'ग' वर, तो मेजर सेव्हन्थ (शुद्ध 'नी'च्या नात्यातला) झाला, हुरहुर लावणारा. बी फ्लॅटवर, म्हणजे कोमल 'ध' वर, तोच तीव्र मध्यमाच्या नात्यात आला आणि खिडकी उघडल्यासारखा उजेड पडला. ज्याला तुम्ही 'ड्रीमी' म्हणताय ते इथं आहे.

आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांना हे अवघड जातं, त्याला कारण आहे. आपण बहुतेक जण पेटी-तबल्यावर, काकड्याला, हरिपाठाला वाढलो. कान 'सा'ला चिकटलेला असतो, आणि तसाच असायला हवा, त्या संगीताचा पायाच तो. तिथं 'सा' अढळ आणि धून फिरते. या प्रकारच्या संगीतात पुष्कळदा उलट असतं: वरचा स्वर अढळ आणि खालचा फिरतो. दोन्ही सवयी एकाच माणसात राहू शकतात, फक्त बेस हातात घेतला की कुठली सवय चालू आहे हे जाणवलं पाहिजे. एक सोपा सराव सांगतो. पेटीवर उजव्या हातानं एक स्वर दाबून धरा, भाता दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या, आणि डाव्या हातानं खाली एकेक स्वर बदलत जा. कुठं पोटात खड्डा पडतो, कुठं निवांत वाटतं, ते वहीत लिहून ठेवा. थिअरीच्या पुस्तकातून शिकण्यापेक्षा हे लवकर मुरतं.

दुसरी फेरी सगळ्याच रचनांना लागेल असं नाही. हे परिस्थितीवर आहे. ज्या रचनेत मुळात धूनच नाही, फक्त आवाजांचे पडदे एकमेकांवर सरकतात, तिथं कुणी कुणाचं ऐकलं नाही तरी चालतं, उलट तीच गंमत असते. तुमची पाचवी रचना तशी आहे, तिला हात लावू नका. आणि तुमचं सर्वांत कच्चं वाद्य कुठलं, यावरही बरंच ठरतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत, पण ऐकून माझा अंदाज ऑक्टोपॅडचा. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवाला ठेका भरतो, त्याचं कामच ते. पण फ्यूजनमध्ये ड्रमर अर्धा वेळ ठेका धरत नाही, तो शेरे मारत असतो. राइडवरचा (मोठ्या झांजेवरचा) हात चालू, स्नेअरवर (करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर) ऐकू येतील न येतील असे बारीक टोले, आणि बास ड्रम जिथं अपेक्षित तिथं नाही. पॅडवर हे काठ्यांपेक्षा बोटांनी जास्त ताब्यात राहतं, पण हलक्या टोल्याला पॅड सहसा दाद देत नाही. संवेदनशीलता वाढवा, काठ्या ठेवून द्या, आणि ड्रम एकाच दमात वाजवू नका. आधी फक्त राइड किंवा हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी), सोलो ऐकत पूर्ण रचनाभर वाजवा, मग वेगळ्या टेकमध्ये स्नेअर आणि बास ड्रम. चार हातांचं काम दोन हातांनी एकदम करायला गेलं की माणूस ठेक्यावरच येतो.

एवढं करूनही ड्रम लंगडे वाटले तर सरळ ड्रमर बोलवा. यात 'एकट्यानं केलेला अल्बम' या बिरुदाला धक्का लागतो असं मला वाटत नाही. एकट्यानं केलेल्या अल्बमचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या माइक ओल्डफील्डच्या १९७३ सालच्या 'ट्युब्युलर बेल्स'मध्येसुद्धा ड्रम, बासरी आणि डबल बेस यांसाठी दुसरे लोक होते, आणि वाद्यांची नावं पुकारायलाही एक माणूस होता. ओल्डफील्ड तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता, डझनभराहून जास्त वाद्यं वाजवत होता, तरी जिथं लागेल तिथं माणूस घेतला. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात असे हात आहेत की मुंबईत असते तर नाव झालं असतं. त्यांना पोस्ट-रॉक म्हणजे काय हे समजावत बसू नका. सोलो ऐकवा आणि म्हणा, "हा गातोय असं समजा, संगत करा." एवढं पुरतं. आणि पैसे द्या. मैत्रीखात्यात वाजवून घेतलेला टेक पुन्हा मागता येत नाही.

तबल्याबद्दल एक बारीक गोष्ट. तबला सुरात लावलेला असतो, त्यामुळे तो रचनेला एका स्वराला बांधतो. वर सांगितलेल्या जागेत दायाँ डी मध्ये असेल तर एफ आणि बी फ्लॅट दोन्हींवर तो गोड लागतो, काही अडत नाही. पण तुमची चौथी रचना मध्येच अर्धा स्वर वर जाते, तिथं तबला तसाच वाजत राहतो आणि ते खटकतं. तिथं तबला बंद करा आणि स्वर परत आल्यावरच आणा. जाणं आणि येणं दोन्ही लक्षात राहतं. सात मात्रांची जी रचना आहे तिथं रूपकच धरलाय तुम्ही, तीन-दोन-दोन, आणि समेवरच 'खाली', म्हणजे हलकी मात्रा. पण पॅडचा बास ड्रम मात्र नेमका पहिल्या मात्रेवर जोरात पडतोय, म्हणजे तबला जी जागा हलकी ठेवतो तीच ड्रम भरून टाकतात. दोघांपैकी एकाला तिथून हलवा. माझं मत विचाराल तर ड्रमला.

आता 'स्वप्नाळू'पणाबद्दल. याचा अर्थ बहुतेक जण रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) असा घेतात, आणि तुम्हीही प्रत्येक ट्रॅकवर वेगळा, लांबलचक रिव्हर्ब लावलाय. सगळंच दूर गेलं की दूर असं काही राहत नाही. दूरचं दूर वाटायला जवळ काहीतरी लागतं. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'इन अ सायलेंट वे' हा १९६९चा अल्बम आठवा. तीन इलेक्ट्रिक कीबोर्ड एकमेकांत मिसळलेले, गिटार चाचपडत चाललेली, सगळं धूसर. पण पहिल्या बाजूला ड्रमर टोनी विल्यम्सचा हाय-हॅट सतत, कोरडा, कानाजवळ टिकटिकत असतो. तो काढला तर उरलेलं वाफ होऊन जाईल. तुमच्या प्रत्येक रचनेत निदान एक वाद्य असं कोरडं आणि जवळ ठेवा. कुठलं, ते रचनेनुसार बदला: एकीत बेस, एकीत तबल्याची चाट, एकीत गिटारच्या तारेवरचं बोटाचं घासणं.

मी स्वतः पूर्ण अल्बमला दोनच रिव्हर्ब ठेवतो, एक छोट्या खोलीचा आणि एक लांब, दोन्ही स्वतंत्र 'बस'वर (सॉफ्टवेअरच्या मिक्सरमधल्या वेगळ्या वाटेवर), आणि प्रत्येक वाद्य तिथं थोडंथोडं पाठवतो. सगळी वाद्यं एकाच जागेत बसल्यासारखी वाटतात ती यामुळे. लांब रिव्हर्बमधून परत येणाऱ्या आवाजातल्या खालच्या फ्रिक्वेन्सी साधारण ३०० हर्ट्झपर्यंत कापा, कधीकधी मी ६००पर्यंतही जातो. तुमच्या रचनांमधला जो गढूळपणा मिक्सिंगवाल्याकडून काढून घ्यायचा विचार आहे, तो बहुतांश बेस आणि बास ड्रम रिव्हर्बमध्ये गेल्यामुळे आहे. आणि रिव्हर्बपेक्षा डिलेवर (ठरावीक वेळानं येणाऱ्या प्रतिध्वनीवर) जास्त भर द्या. डिले लयीत बसवा: ७५च्या लयीत एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची, अर्धी ४००ची, पाऊण ६००ची. पाऊण मात्रेचा डिले गिटारवर लावला की तो ठेक्याच्या फटींमध्ये पडतो, टोल्यांवर आदळत नाही. साठ हजाराला लयीच्या आकड्यानं भागा, कुठल्याही रचनेची मात्रा निघेल.

स्वप्नाळूपणाचा आणखी एक मार्ग रिव्हर्बविनाच जातो: स्वराचा आरंभ लपवणे. तार छेडल्याचा 'टण्' कानाला सांगतो की ही गिटार. तो व्हॉल्यूम पेडलनं लपवला की नुसता स्वर उगवतो, वाद्य ओळखू येत नाही. आइसलंडच्या सिगूर रोस या बँडमध्ये गिटारवर चेलोचा गज फिरवतात, तेही याचसाठी. आपल्या घरात यासाठी पेटी आहे की! सुटे स्वर वाजवू नका, दोन-तीन स्वर दाबून ठेवा आणि भाता अगदी सावकाश दाबा. माइक कळांपासून दूर, थोडा मागच्या बाजूला ठेवा, नाहीतर लाकडाची खटखट येते. फक्त एक लक्षात ठेवा, जुनी पेटी बऱ्याचदा 'ए'साठी ठरलेल्या ४४० हर्ट्झवर लावलेली नसते. ट्यूनरवर आधी पेटीचा 'ए' मोजा आणि गिटार, बेस, कीबोर्ड सगळं त्या आकड्याला लावा. पेटीला पटवता येत नाही, बाकीच्यांनीच जुळवून घ्यायचं.

रचनेच्या आकाराबद्दल थोडं. पोस्ट-रॉक हा शब्द सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकानं १९९४ मध्ये रूढ केला. त्याचा रोख असा होता की वाद्यं रॉकचीच, पण रॉकसाठी न वापरलेली, गिटारमधून रिफऐवजी (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनेऐवजी) पोत आणि रंग काढलेले. पुढे या प्रकाराला एक सवय लागली: हळू सुरुवात, चढत चढत मोठा स्फोट, मग शांतता. तुमच्या आठपैकी सहा रचना तशाच जातात असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, तिसऱ्यांदा ऐकणारा घड्याळाकडे बघतो. दोन रचनांमध्ये स्फोट काढून टाका. जिथं आवाज सगळ्यात मोठा होणार असं वाटतं, तिथंच सगळं काढून एकट्या बेसला बोलू द्या. तुमच्याकडे जॅझचा हात आहे, तो इथं वापरा. आणि एक रचना चार मिनिटांच्या आत संपवा, बाकी सगळ्या आठ-नऊ मिनिटांच्या आहेत.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: गायक नको, धून कायम ठेवून बेस, ड्रम आणि कीबोर्ड तिचं ऐकत पुन्हा वाजवा, प्रत्येक रचनेत एक वाद्य कोरडं ठेवा, सगळ्या रचना एकाच डोंगरावर चढवू नका. मिक्सिंगला बाहेर द्यायचं की नाही ते यानंतर ठरवा. माझा अंदाज आहे की तोवर त्यातलं निम्मं काम उरलेलं नसेल.

काही घरगुती गोष्टी, कारण आपल्या भागात त्या टाळता येत नाहीत. तुमच्या पहिल्या रचनेत गिटारखाली एक सलग गुणगुण आहे. ती ५० सायकलची, विजेची. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा, बऱ्याचदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांच्या बोर्डातलं वरचं भोक निव्वळ शोभेचं असतं. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज उचलणारं एकेरी वेटोळं) असेल तर खुर्ची फिरवत बसा, एका दिशेला गुणगुण एकदम पडते, तिथं खडूनं खूण करा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काही रेकॉर्ड करू नका. साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर असा बारीक करकरीत आवाज येतो की तो नंतर कुठल्याच फिल्टरनं पूर्ण जात नाही.

उन्हाळ्याचं तर विचारू नका. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद केला की माणूस भिजतो, चालू ठेवला की माइकमध्ये वारा. कूलरची गोष्टच सोडा. मी त्या दोन महिन्यांत माइक लागणारं काम पहाटेवर ढकलतो आणि दिवसा फक्त थेट केबलनं जोडायची वाद्यं घेतो, बेस, कीबोर्ड, पॅड. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणून सूर वर चढतो, पावसाळ्यात उतरतो, त्यामुळे मेमध्ये घेतलेल्या तबल्याला जुलैत जोड देऊ नका. एका रचनेचा तबला एकाच बैठकीत संपवा. आणि गिटार लाकडी असेल तर उन्हाळ्यात उघड्या स्टँडवर ठेवू नका. केसमध्ये ओला स्पंज छिद्रांच्या डबीत घालून ठेवा. आपल्याकडची कोरडी हवा लाकडाला तडा देते, तोही बऱ्याचदा तारांच्या ब्रिजजवळ.

ऐकवायचं कुणाला, हाही प्रश्न आहे. "कसं वाटलं?" असं विचारलं की माणूस भारीच म्हणतो. त्याला हेडफोन द्या, समोर बसा आणि तो मोबाइलला कधी हात लावतो ते बघा. ती वेळ लिहून घ्या. तीन जणांनी एकाच ठिकाणी मोबाइल उचलला तर तिथं रचनेत काहीतरी घडत नाहीये. संगीत कळणाऱ्यांपेक्षा न कळणारे यासाठी बरे. माझ्याकडे समोरच्या झेरॉक्सवाल्याचा मुलगा आहे, तो दुसऱ्या मिनिटाला बिनदिक्कत इअरफोन काढून टाकतो. त्याच्याइतका प्रामाणिक समीक्षक मला मिळालेला नाही.

क्रम ठरवताना एकापाठोपाठ एकाच 'सा'च्या दोन रचना ठेवू नका, आणि दोन रचनांमधली शांतता कानानं मोजा, प्रत्येकीला सॉफ्टवेअरचे ठरलेले दोन सेकंद नकोत. नावं मराठीत द्या असं मी म्हणेन. शब्द नसलेल्या संगीतात ऐकणाऱ्याच्या हाती लागणारे शब्द तेवढेच. मात्र 'अनंत', 'शून्य', 'प्रवास' ही नावं टाळा, पुष्कळ वाद्यसंगीताच्या अल्बमांवर ती असतात. तुमच्या गल्लीचं, बसस्टँडचं, शेताच्या बांधाचं नाव चालेल. फाइल २४ बिटमध्येच शेवटपर्यंत ठेवा आणि फार जोरात मास्टर करू नका. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी आवाजाची पातळी साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणली जाते, म्हणजे दाबून मोठा केलेला आवाज तिथं परत खाली येतो आणि रचनेतला चढउतार मात्र कायमचा गेलेला असतो. या संगीताचं सगळं भांडवल तो चढउतार आहे. रचना तुमच्या आहेत, तेव्हा संगीतकार म्हणून आयपीआरएसमध्ये (संगीतकार-गीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेत) नोंदणी करून ठेवा. बोल नसले तरी संगीताचा हक्क असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

राहिला नव्या माइकचा प्रश्न. तुमच्याकडचा साधा कंडेन्सर माइक पुरेसा आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी गिटारला नव्या तारा घाला, खोलीच्या दोन कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या करा, आणि उरलेल्यात त्या ऑर्केस्ट्रातल्या ड्रमरचे एका संध्याकाळचे पैसे बसतात का ते बघा. दुसऱ्या रचनेची दुसरी फेरी झाली की आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही टेक इथे टाका. बेस कोमल 'ध' वर उतरतो ती जागा मला ऐकायची आहे.